गुऱ्हाळावरचं गाणं: एडिटिंगच्या नोंदी

आम्ही सहा जण, मास कम्युनिकेशनचं दुसरं वर्ष, कोल्हापूर. चौथ्या सत्रात गटानं एक म्युझिक व्हिडिओ करायचा असतो. गाणं आमच्याच गायिकेनं लिहिलं, चालही तिचीच, आणि संगीत संयोजन तिच्या ओळखीतल्या एका मुलानं केलं. शूटिंग ११ आणि १२ जानेवारी २०२५ ला झालं. अर्धं रंकाळ्यावर पहाटे, अर्धं करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळघरात. एडिटिंग माझ्या गळ्यात पडलं, कारण लॅपटॉप माझा.

पुढच्या वर्गातली मुलं विचारायला लागली म्हणून वहीतल्या नोंदी उतरवून काढतोय. कुणाचं नाव घालत नाही. कॅमेरा धरणाऱ्याला आम्ही पैलवान म्हणतो आणि पैसे सांभाळणाऱ्याला शेठ, तेवढंच ठेवलंय.

सॉफ्टवेअर: डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती. लॅपटॉप आय-फाइव्ह, रॅम ८ जीबी. एक मागून आणलेला मिररलेस कॅमेरा, एक फोन.

१३ जानेवारी, सोमवार

दिवसभर नुसती कॉपी. कॅमेऱ्याच्या ६४ क्लिप, फोनच्या ४६, मिळून ११८ जीबी. लॅपटॉपात मोकळी जागा ९०. संध्याकाळी शेठ १ टीबीची हार्ड डिस्क घेऊन आला, ४,४०० रुपये. तोंड कडू करूनच दिली.

पैलवानानं फोनच्या पाच क्लिप आधीच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवल्या होत्या, 'काम सुरू करा' म्हणून. रंकाळ्यावरचा सूर्योदय चौकटी-चौकटींचा दिसत होता. नशीब, मूळ क्लिप फोनमध्ये होत्या. वायर लावूनच घ्या, दुसरा रस्ता नाही.

क्लिप टाइमलाइनवर (क्लिप ओळीनं मांडायची पट्टी) टाकल्या तर लॅपटॉप गचके खायला लागला, दोनदा प्रोग्रॅम आपोआप बंद. चूक आमची: ८ जीबीत हे काम करायला बसलो. रात्रभर ७२० च्या प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती, बनवत ठेवल्या, त्या सगळ्या मिळून ९ जीबीत बसल्या. दुसऱ्या दिवशी राजारामपुरीतून आणखी ८ जीबी रॅम बसवून आणली, १,६५० रुपये. तेव्हापासून प्रोग्रॅम एकदाही पडला नाही. हा खर्च शूटिंगच्या आधी करायचा होता.

१६ जानेवारी, गुरुवार

संक्रांतीची सुट्टी संपवून खरं काम आजपासून. पहिलं काम म्हणजे गायिका जिथं जिथं गाते त्या सगळ्या क्लिप गाण्याखाली लावून घेणं. कॅमेऱ्यात रेकॉर्ड झालेला स्पीकरचा आवाज आणि गाण्याची फाइल, दोन्हींचे वेव्हफॉर्म (आवाजाच्या चढउताराचे आलेख) जुळवायचे, बस्स.

मुखड्याला चपखल बसलं. पहिल्या अंतऱ्याला ओठ जरा मागे वाटले. शेवटच्या मुखड्याला गायिका चार सेकंद मागून गात होती. आधी वाटलं मी क्लिप चुकीची उचलली. दुसरी लावली, तीच तऱ्हा. तिसरीही तशीच.

दोन तास गेल्यावर संयोजक मुलाला फोन केला. तो सहज म्हणाला, "अरे हां, अंगात येत नव्हतं म्हणून टेम्पो जरा वाढवला. ९६ चा ९८ केला." शूटिंगनंतर! आम्हाला कुणालाच न सांगता. गाणं ३५२ ठोक्यांचं आहे. मिनिटाला ९६ ठोक्यांनी ते बरोबर ३ मिनिटं ४० सेकंद चालतं, ९८ नं साडेचार सेकंद आधी संपतं. म्हणजे सेटवर वाजवलेलं गाणं वेगळं आणि एडिटिंगला आलेलं वेगळं.

गिटार ९८ वर पुन्हा वाजवून झाली होती, त्यामुळे मागं फिरायला तो तयार नव्हता. मग उलटा उपाय केला: ओठ दिसणाऱ्या प्रत्येक क्लिपचा वेग १०२.०८ टक्के. (९८ भागिले ९६.) डोळ्याला फरक कळत नाही. कॅमेरा फिरतो तिथं बारीक गचका जाणवतो, तेवढ्या जागा टाळल्या.

शूटिंगच्या दिवशी जी फाइल वाजवली तिचं नाव होतं 'गाणं नवीन'. नंतर आलेल्या फाइलचं नावही 'गाणं नवीन'. यावर जास्त काही लिहीत नाही.

१८ जानेवारी, शनिवार

कॅमेऱ्याच्या क्लिप आता शेवटपर्यंत जुळतात. फोनच्या नाहीत. त्यांनाही तोच १०२.०८ दिला, सुरुवात बरोबर बसते, पण शेवटाला सहा-सात फ्रेम (व्हिडिओतली एकेक चित्रं) सरकलेल्या. आणि प्रत्येक क्लिपमध्ये सरकणं सारखं नाही, एकीत चार, एकीत सात. गणित सगळ्यांना एकच दिलं असताना चूक वेगवेगळी येते म्हणजे गडबड गणितात नाही, क्लिपमध्येच आहे.

मीडियाइन्फो नावाचं छोटं फुकट टूल आहे. फोनची क्लिप त्यात टाकली तर फ्रेम रेटसमोर 'व्हेरिएबल', म्हणजे बदलता. फोन सेकंदाला ३० फ्रेम घेतो म्हणतो, पण उजेड कमी झाला किंवा फोन तापला की कमी-जास्त घेत राहतो. नुसतं बघताना काही कळत नाही. एडिटिंगला घेतलं की ओठ घसरतात.

हँडब्रेक नावाच्या प्रोग्रॅममधून ४६ च्या ४६ क्लिप 'कॉन्स्टंट' (एकसारख्या) ३० वर बदलून घेतल्या. पाच तास लागले. त्या वेळात गायिकेच्या आईनं पाठवलेले तिळाचे लाडू संपवले. नंतर क्लिप पुन्हा लावल्या तर शेवटपर्यंत जुळल्या.

आमची टाइमलाइन सेकंदाला २५ फ्रेमची आहे, कारण कॅमेरा २५ वर होता. फोनच्या ३० वाल्या क्लिप तिथं टाकल्या की दर सहा फ्रेममागे एक गळते. गाण्याच्या क्लिपना इलाज नाही. पण जिथं कुणी गात नाही, नुसतं पाणी, धूर, वाफ आहे, तिथं क्लिपच्या गुणधर्मात जाऊन ३० च्या जागी २५ लिहिलं. एकही फ्रेम न गळता क्लिप थोडी संथ होते. रंकाळ्यावरचे बगळे त्यामुळे फार देखणे उडाले, आणि श्रेय पैलवानाला गेलं.

२२ जानेवारी, बुधवार

आज दिवस फुकट गेला, पूर्णपणे माझ्या आळसानं.

कट ठोक्यावर पडावेत म्हणून टाइमलाइनवर मार्कर, म्हणजे खुणा, लावायचे होते. हिशेब केला: ९८ चा टेम्पो, २५ फ्रेम, म्हणजे एका ठोक्याला १५ फ्रेम. दर १५ फ्रेमवर मार्कर मारत सुटलो. दीड मिनिटाचे मार्कर झाल्यावर वाजवून बघितलं तर मार्कर तबल्याच्या कितीतरी आधी. खरा आकडा १५.३ आहे. त्या पॉइंट तीननं एका मिनिटात ३० फ्रेम खाल्ल्या, सव्वा सेकंद!

सगळे मार्कर पुसले. गाणं चालू केलं आणि ताल धरून मार्करची एम की दाबत गेलो. साडेतीन मिनिटांत काम संपलं. हातानं मारलेले मार्कर फ्रेम-दोन फ्रेम इकडं-तिकडं होतात, ते वेव्हफॉर्म बघून सरळ केले. टेम्पो १०० असता तर ठोका बरोबर १५ फ्रेमचा झाला असता. पुढच्या वेळी संयोजकाला वाढवायचाच असेल तर १०० कर म्हणणार.

कट बरोबर ठोक्यावर टाकला की तो उशिरा वाटतो, हेही आज कळलं. एक फ्रेम आधी टाकला की नेमका बसतो. का ते विचारू नका, करून बघा.

२६ जानेवारी, रविवार

एडिटिंगला आता आम्ही दोघं. माझी जोडीदार तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर, मी माझ्या खोलीवर. प्रोजेक्टची फाइल ड्राइव्हवर ठेवायची, हार्ड डिस्क आलटून-पालटून न्यायची, असं ठरलं होतं.

तिच्याकडे उघडल्यावर सगळ्या क्लिप लाल, 'मीडिया ऑफलाइन'. माझ्या लॅपटॉपवर हार्ड डिस्क 'ई' होती, तिच्याकडे 'एफ'. पुन्हा जोडून घेता येतात, दहा मिनिटांचं काम. पण तिनं घाबरून सगळ्या क्लिप नव्यानं आयात केल्या आणि त्यावर दुसरा अंतरा कापला. मी इकडे प्रॉक्सीवर तोच दुसरा अंतरा कापत होतो. झेंडावंदन करून आलो तर एका अंतऱ्याचे दोन अवतार, आणि दोघांनाही आपापला प्यारा.

भांडण वर्गाच्या ग्रुपवर जायच्या आत गायिकेनं सोडवलं. दोन्ही बघून म्हणाली, "पहिल्या चार ओळी हिच्या, शेवटच्या दोन तुझ्या." मला राग आला होता, पण खरंच तेच बरोबर होतं. जोडीदारानं चुलाणात चिपाडं सारणाऱ्या हाताचा शॉट धरून ठेवला होता, मी तिथं तीन कट मारले होते.

आजपासूनचे नियम: प्रॉक्सी प्रत्येकाकडे पेनड्राइव्हवर, मूळ क्लिप फक्त माझ्याकडे. गाण्याचे तुकडे वाटून घ्यायचे, मुखडे माझे, अंतरे तिचे, आणि प्रत्येकाची टाइमलाइन वेगळी. रविवारी मीच जोडणार. फाइलच्या नावात तारीख आणि आद्याक्षर, 'फायनल' हा शब्द बंद. तोवर आमच्याकडे फायनल, फायनल २, आणि खरंच फायनल अशा तीन झाल्या होत्या. सगळ्यात जुनी 'खरंच फायनल' होती.

३० जानेवारी, गुरुवार

सरांना कच्ची प्रत दाखवली. त्यांनी एकदा बघितली, मग स्पीकर बंद केला आणि पुन्हा लावायला सांगितली. मुकी बघून झाल्यावर विचारलं, "गायिकेचा चेहरा तुम्हाला किती वेळ दिसला?" कुणालाच सांगता येईना. मोजलं. १४० कट, म्हणजे सरासरी दीड सेकंदाला एक. चेहऱ्यावर सलग दोन सेकंदांहून जास्त थांबलेला शॉट एकच, तोही पाठमोरा होत जाणारा.

रात्री बसून ९२ वर आणले. गेलं काय, तर बहुतेक गिंबलवर (कॅमेरा स्थिर धरणारा दांडा) गोल-गोल फिरलेले शॉट. गिंबलचं भाडं ८०० रुपये, त्यामुळे शेठला ते काढणं जिवावर आलं. 'भाडं दिलंय म्हणून' व्हिडिओत ठेवलेला एक शॉट अजून आहे. ओळखा.

२ फेब्रुवारी, रविवार

चार दिवस एकच वाद. जोडीदार म्हणते ओठ आवाजाच्या मागून येतात. मी म्हणतो अगदी बरोबर आहेत. ती तिच्याकडे ओठ पाच फ्रेम पुढे, म्हणजे आधी, ओढते, मी माझ्याकडे पाच फ्रेम मागे ढकलतो. दोघंही शपथेवर. परवा तर मी तिला 'डोळे तपासून घे' असं म्हणालो.

आज ती हार्ड डिस्क घ्यायला आली. मी एक कच्ची क्लिप लावली, ज्यात पैलवान कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवतो. टाळी त्याच क्लिपमधली, आवाज त्याच क्लिपचा, इथं मागं-पुढं व्हायला जागाच नाही. माझ्या इअरफोनवर हात आधी एकमेकांना लागले, मग 'टप्' आलं. तिनं इअरफोन काढून घेतले आणि लॅपटॉपच्या स्पीकरवर लावलं. हात आणि आवाज एकदम.

२३ तारखेला माझ्या वायरच्या हेडफोनची वायर तुटली, तेव्हापासून मी ब्लूटूथवर काम करतोय. ब्लूटूथमधून आवाज कानापर्यंत उशिरा येतो, माझ्या इअरफोनवर साधारण पाच फ्रेम. गाणं ऐकताना कळत नाही. पण मी त्या उशिरा आलेल्या आवाजाला ओठ जुळवत होतो. वेव्हफॉर्मनं नीट बसलेल्या क्लिपसुद्धा 'सुधारून' बिघडवल्या होत्या.

सगळ्या लिपसिंकच्या क्लिप पाच फ्रेम पुढे ओढल्या. त्यातल्या दोन तिनं आधीच ओढलेल्या होत्या, त्या दहा फ्रेम पुढे गेल्या आणि गायिका आवाजाच्या आधी गायला लागली. त्या परत आणल्या. शेठकडून साधा वायरचा हेडफोन उसना घेतला. माफी मागितली, चहा पाजला. तो चहा खालच्या हिशेबात नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

गुऱ्हाळातले फोनचे शॉट. पहाटे चारला काहील (रस उकळायची मोठी कढई) चढली होती, उजेड फक्त ट्यूबलाइटचा. फोनच्या प्रत्येक शॉटवर आडवे काळसर पट्टे वर सरकत राहतात. कॅमेऱ्याचे त्याच जागचे, त्याच वेळचे शॉट मात्र स्वच्छ. शूटिंगच्या दिवशी फोनच्या छोट्या पडद्यावर दिसलं नव्हतं, की बघितलंच नव्हतं.

कारण साधं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. कॅमेऱ्याचा शटर १/५० सेकंदावर होता, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये उजेडाचे पुरे दोन फेरे. फोन आपोआप १/६० वर गेला होता, तिथं हिशेब अर्धवट राहतो आणि पट्टे पडतात. फोनमध्ये शटर १/५० किंवा १/१०० बांधून ठेवायला हवा होता.

पट्टे काढायचं तयार टूल रिझॉल्व्हच्या पैसे देऊन घ्यायच्या आवृत्तीत आहे. आमच्याकडे ती नाही, मग हातानं. ३० फ्रेम आणि १०० लुकलुक, म्हणजे पट्ट्याची जागा दर तीन फ्रेमनी पुन्हा तीच येते. म्हणून ३० चा वेगळा प्रोजेक्ट उघडला, एकच क्लिप एकावर एक तीनदा ठेवली. दुसरी एक फ्रेम सरकवून, तिसरी दोन फ्रेम सरकवून. खालची पूर्ण, मधली ५० टक्के, वरची ३३ टक्के. तिन्हींची सरासरी निघते आणि पट्टे जवळजवळ दिसेनासे होतात.

फुकट मात्र काही मिळत नाही. जे हलतं त्याची तीन-तीन प्रतिबिंबं उमटतात. उकळत्या रसावरची वाफ अशी तिप्पट झाली तर आणखी दाट, मऊ दिसते. आमचे सगळ्यात चांगले तीन शॉट या जुगाडानं झालेत. पण गायिका काहिलीशेजारी उभी राहून गाते त्या चार ओळींत तिचे ओठच तिप्पट झाले. ते शॉट मेले. पुन्हा शूटिंग.

९ फेब्रुवारी, रविवार

गुऱ्हाळ पैलवानाच्या मामांचं, म्हणून दुसऱ्यांदा येऊ दिलं. तिथले गुळवे मामा, म्हणजे गूळ शिजवणारे कारागीर, त्यांची अट एकच: "काईल उतरायच्या टायमाला मधी-मधी करायचं न्हाई." रास्त आहे, उकळता पाक अंगावर आला तर व्हिडिओ राहील बाजूला.

या वेळी फोन नाहीच, फक्त कॅमेरा, २५ आणि १/५०. पहिल्या वेळी वाफेनं भिंगावर धुकं धरलं होतं. म्हणून आत गेल्यावर कॅमेरा पंधरा मिनिटं तसाच ठेवून दिला, गरम हवेला रुळू दिला. प्रत्येक टेकच्या आधी चार ठोके आणि पैलवानाची टाळी. जानेवारीत हे केलं असतं तर रंकाळ्यावरच्या वाऱ्यात वेव्हफॉर्म शोधत बसलो नसतो.

गायिका आली ती दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मेंदी काढून. मावसबहिणीचं लग्न! आधीच्या शॉटमध्ये हात कोरे. ती बिचारी आम्हाला सांगून लग्नाला गेली होती, आम्हीच विसरलो. शाल पांघरून, हात आत घेऊन, छातीच्या वर फ्रेम धरली. थंडीची पहाट, त्यामुळे शाल शोभली.

सेटवर वाजवलं ९८ वालं गाणं. घरी येऊन सवयीनं या क्लिपनाही १०२.०८ चिकटवलं आणि अर्धा तास डोकं धरून बसलो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गाण्याचे शब्द पडद्यावर हवेत. शेठनं चोवीस ओळी डीटीपीवाल्याकडून टाइप करून आणल्या, १२० रुपये. रिझॉल्व्हमध्ये चिकटवल्या तर देवनागरीऐवजी चिन्हांची भेळ. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. त्यांच्याकडच्या कॉम्प्युटरवर आणि कागदावर सुंदर दिसत होत्या. गायिकेनं एका तासात फोनवर पुन्हा टाइप केल्या. १२० रुपयांचा कागद तिनं भिंतीवर लावलाय.

मग फॉन्ट. मी जो लावला त्यात ल आणि श हिंदी वळणाचे होते. मला दिसलेही नव्हते. गायिका म्हणाली, "माझ्या गाण्यात हा ल नको." टिरो देवनागरी मराठी हा फुकट फॉन्ट घेतला, त्यात ल, श मराठी वळणाचे आहेत.

शेवटच्या पाटीवर 'गुर्हाळघर' पडलं होतं, ह वर रफार. हवा गुऱ्हाळातला ऱ्ह. पैलवानाच्या मामांचे आभार मानायचे आणि त्यांच्या धंद्याचंच नाव चुकवायचं, बरं दिसलं नसतं. फोनच्या कीबोर्डवर ऱ्या लिहिला की नीट येतो, तिथून र् चा तो तुकडा उचलला.

१६ फेब्रुवारी, रविवार

रंग. फोन आणि कॅमेरा शेजारी आले की गायिकेचा चेहरा एकात पिवळा, एकात हिरवट. फोननं तर एकाच टेकमध्ये मधेच रंग बदललाय, कुणी व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवायची सेटिंग) बांधला नव्हता. आधी कॅमेऱ्याचा एक शॉट मनासारखा केला, बाकीचे त्याच्या शेजारी ठेवून एकेक जुळवले. सात तास. सांगण्यासारखं यात काही नाही, पाठ मात्र दुखते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती. रस्त्यावर ढोल-ताशे, आवाज तपासणं अशक्य. चित्र तपासलं आणि एक्सपोर्ट लावला.

जमा करायची प्रत एच २६४, १०८०, २० एमबीपीएस, साधारण ५४० एमबी. काही अडचण नाही. सोबत मास्टर प्रतही मागितली होती, ती डीएनएक्सएचआर एचक्यूमध्ये (कमी दाबलेला, मोठ्या फाइलचा प्रकार) काढली, जवळपास ५ जीबी. नव्या ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर कॉपी होईना, 'फाइल खूप मोठी' म्हणे. ३२ पैकी ३२ रिकामे! रात्री साडेअकराला शेठनं दुसरा पेनड्राइव्ह शोधायला गाडी काढली. तो परत यायच्या आत जोडीदारानं फोनवर सांगितलं: पेनड्राइव्ह फॅट ३२ वर असेल, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. एक्सफॅटवर फॉरमॅट केला, गेली. शेठ मिरवणुकीत अडकला होता, एक वाजता आला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जमा. शेठचा हिशेब, त्याच्याच शब्दांत 'जीव घेणारा':

हार्ड डिस्क ४,४००, रॅम १,६५०, बॅटरीवरचे दोन दिवे दोन दिवस १,२००, गिंबल ८००, चहा-मिसळ १,१४०, पेट्रोल दोन्ही वेळचं ७८०, पेनड्राइव्ह ३५०, डीटीपी १२०. एकूण १०,४४०, माणशी १,७४०. हार्ड डिस्क आणि रॅम माझ्याकडेच राहणार म्हणून मी वर्षअखेरीस सगळ्यांना तांबडा-पांढरा घालायचा, असं ठरलंय.

एडिटिंगचे तास माझे ११० च्या आसपास, जोडीदाराचे ६०. त्यातले नुसत्या ओठांच्या भानगडीत माझे ४० तरी गेले.

२३ फेब्रुवारी, रविवार

पैलवानासोबत गुऱ्हाळावर गेलो, मामांना आणि गुळवे मामांना व्हिडिओ दाखवायला. गुळवे मामांनी हात पुसून फोन हातात घेतला. ओठ, रंग, कट, फॉन्ट, कशाकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या अंतऱ्यात थांबवायला सांगितलं.

"आधी काईल वाफ्यात वतली, आन मग मळी काढाय लागलासा व्हय? कुठल्या गावचा गूळ म्हणायचा ह्यो?"

रस तापला, भेंडीचं पाणी पडलं की मळी, म्हणजे रसातली घाण, वर येते, ती काढायची, मग पाक होईस्तोवर आटवायचं, आणि सगळ्यात शेवटी वाफ्यात, म्हणजे गूळ गार करायच्या जागी, ओतायचं. आम्ही दोन दिवस तिथं उभे राहून हे बघितलं होतं. पैलवानानं शूट केलं, मी आणि जोडीदारानं शंभर वेळा पुढं-मागं फिरवलं, सरांनी मुकं करून बघितलं. कुणालाही दिसलं नाही.

रात्री उघडून बघितलं. ओतायचा शॉट ४६ फ्रेम, मळीचा ३१, एकाला लागून एक. अदलाबदल केली. बेरीज ७७ ची ७७, पुढचं काही हललं नाही, मधला कटही दुसऱ्या ठोक्यावर पडला. गुळवे मामांसाठी ही प्रत पाठवून दिली, वायरनं नाही, व्हॉट्सॲपवरच. गुणांसाठी गेलेली प्रत मात्र तीच, आधी ओतून मग मळी काढणारी.